गुरुवारच्या उड्या

बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला उडी मारूच दिली नाही. शाळेतलं एक बुटकं बाकडं त्यांनी सोबत आणलं होतं, गुडघ्याच्याही खाली येणारं. ते मैदानावर मांडून त्या म्हणाल्या, "यावर चढा आणि खाली उतरा. उडी नको. नुसतं उतरायचं, दोन्ही पाय एकदम टेकवायचे आणि तसंच थांबायचं. आवाज करायचा नाही."

आम्ही चौदा जण होतो, सव्वीसपासून एकोणचाळीसपर्यंतचे. एकेक जण उतरू लागला. मुरमाड जमिनीवर धप् धप् आवाज होत होता आणि बाई प्रत्येकाला "पुन्हा" म्हणत होत्या. अर्ध्या तासानं आमच्यातला एक वेल्डर वैतागला. म्हणाला, "बाई, उतरता येतंय की आम्हाला. उंच उडायचं कसं ते सांगा."

"आत्ता उतरलास तेव्हा तुझे दोन्ही गुडघे आत वळले," बाई म्हणाल्या. "तुला कळलं का?"

"नाही."

"मग पुन्हा."

आमची फुटबॉलची टीम हौशी होती. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. डिप्लोमा करून लातूरकडून इकडे आलो आणि मोशीत घर केलं. बाकीचे कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी मेंटेनन्सला, एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गोलकीपर तेवढा आयटीतला, वाकडच्या एका उंच इमारतीत राहणारा. महाळुंग्याच्या शाळेमागच्या मैदानावर आम्ही पाच-सहा वर्षं खेळत होतो आणि मी त्या टीमचा कॅप्टन होतो. आदल्या वर्षी परिसरातल्या हौशी टीमांच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तीन गोल खाल्ले, त्यातले दोन हेडरवर. समोरची पोरं आमच्यापेक्षा चांगली खेळत होती असं नव्हे. पण बॉल उडाला की ती आमच्या डोक्यावर असायची आणि बॉल पुढे टाकला की पहिल्या पाच पावलांतच आम्ही मागे पडायचो. ते माझ्या मनाला फार लागलं.

बाईंना गोलकीपरनं आणलं. पिंपरीच्या एका महापालिकेच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि तो त्यांचा विद्यार्थी. त्या निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी लांब उडी मारायच्या. आता उजवा खुबा धरायचा, म्हणून चालताना जरा एका बाजूला कलायच्या. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी गोलकीपर त्यांना गाडीतून घेऊन यायचा, आणि ज्याची पाळी जमेल तो मैदानावर हजर व्हायचा.

तीन आठवडे आम्ही नुसते उतरत होतो. मग दोरीवरच्या उड्या, मग जागच्या जागी छोट्या उड्या, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर झेपा. धावायला त्या फक्त दहा पावलं द्यायच्या, नंतर वीस. जीव तोडून पळायचं, आणि चालत परत येऊन दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. आम्हाला ते उभं राहणं सहन व्हायचं नाही. घाम न येता कसला सराव, असं वाटायचं. बाई सांगायच्या, "दमेपर्यंत पळणं वेगळं. ते तुम्हाला येतं, दिवसभर तेच तर करता. मला तुमचा वेग हवाय. दमलेल्या पायांनी पळलात तर पाय हळू पळायलाच शिकतात." मैदानाच्या कडेला मुरूम टाकून केलेला एक चढ होता, त्यावर धावायचं. कमरेला दोरीनं गाडीचा जुना टायर बांधून ओढायचा. प्रत्येकाच्या उड्या त्या मोजायच्या. चाळीस झाल्या की त्या दिवसापुरतं बस्स. आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली होती. दोन सरावांच्या मधे किमान दोन दिवस उड्या मारायच्या नाहीत. पाय वाढतो तो त्या दोन दिवसांत.

शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर आमचं माप असायचं. बोटांना ओला गेरू लावून आधी उभ्यानं हात पोचेल तिथं ठसा उमटवायचा, मग उडी मारून वर दुसरा. दर महिन्याला नवा ठसा. दोन महिन्यांत माझा ठसा दोन बोटं वर गेला. सगळ्यात जास्त चढला तो स्टॉपरचा, चार बोटं.

आमच्याकडे बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्याला स्टॉपर म्हणतात. त्याला सगळी टीम त्याच नावानं हाक मारायची. मैदानापासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. महाळुंग्यातलं जुनं शेतकरी कुटुंब. बरीचशी जमीन कारखान्यांखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यात कांदा आणि गुरांचा चारा. तो स्वतः जवळच्याच एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. उंच, रुंद, बोलायला कमी. भिंतीवर आपला ठसा सगळ्यांच्या वर गेलेला बघून तो त्या दिवशी एवढंच म्हणाला, "व्हय की." पण घरी जाताना वळून दोनदा बघितलं त्यानं.

मला मात्र दोन बोटं पुरेशी वाटत नव्हती. स्पर्धेला दोन महिने राहिले होते. मी मोबाईलवर परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ बघायचो. कमरेएवढ्या ठोकळ्यावरून खाली उडी मारायची आणि जमिनीला पाय लागताक्षणी परत वर. ते लोक आठवड्यातून चार-चार दिवस हे करत होते. आणि आम्ही चाळीस मोजून घरी जात होतो. बाईंना एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "ती पोरं बारा वर्षांची असल्यापासून हे करताहेत. त्यांना दुसरं काम नाही. तू आठ तास उभा असतोस. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष मला फार लांब वाटलं.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. स्टॉपरच्या चुलत्यांचं एक गोडाऊन होतं, त्याच्यासमोर सिमेंटचं अंगण आणि कडेला माल ठेवायच्या लाकडी पॅलेटची थप्पी. मी आठ जणांना तिथं बोलावलं. गोलकीपरला गुरुवारी ऑफिस असे, त्याला सांगितलंच नाही, कारण त्यानं बाईंना सांगितलं असतं. चार पॅलेट एकावर एक रचले आणि त्यावरून खाली सिमेंटवर उड्या मारायला लागलो. खाली पाय टेकला की लगेच वर. बुधवारच्या चाळीसनंतर दुसऱ्याच दिवशी ऐंशी, कधी शंभर. पहिल्या गुरुवारी सगळ्यांना मजा आली. जोरात आरडाओरडा केला, एकमेकांचे व्हिडिओ काढले. मी सगळ्यांना बजावलं, "हे बाईंच्या कानावर जायला नको."

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी स्टॉपर जरा उशिरा आला. पॅलेटवर चढायच्या आधी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "राव, डावी टाच धरलीय. सकाळी उठलो की पाच मिन्टं पाय टेकवत न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर सुटती."

"मग काय. गरम झाली की सुटते म्हणजे काही विशेष नाही," मी म्हणालो. "आज हळू मार."

तो हळू मारणारा माणूसच नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीही तो सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत होता.

त्यानंतरच्या रविवारी बाईंनी आम्हाला परत त्या बुटक्या बाकड्यावरून उतरायला लावलं. आम्ही उतरलो. बाई डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय जड पडताहेत. महिन्यापूर्वी असं नव्हतं. मधे काही करताय का तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही बाई. या आठवड्यात पाळ्या जड होत्या."

बाईंनी स्टॉपरकडे बघितलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती ती, पण त्यानं सोडून परत बांधली.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आज वीसच."

पुढच्या दोन्ही गुरुवारी मी पॅलेटवरच्या उड्या चालू ठेवल्या.

ते घडलं बुधवारी संध्याकाळी, बाईंच्या समोर. आम्ही दहा-दहा पावलांच्या धावा करत होतो. स्टॉपरची तिसरी धाव. तो वाकला, निघाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला प्लास्टिकचा क्रेट तडकावा तसा आवाज आला. मी वीस फुटांवर होतो, मला स्पष्ट ऐकू आला. स्टॉपर थांबला, गर्रकन मागं वळला आणि चिडून ओरडला, "कोण मारलं रे?"

त्याच्यामागं कोणीच नव्हतं.

त्यानं पुढं पाऊल टाकायला बघितलं. पाय जमिनीवर पडला, पण त्या पायानं त्याला पुढं ढकललं नाही. तो खाली बसला. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा गोंधळच जास्त होता. बाई त्यांच्या त्या कललेल्या चालीनं पळत आल्या. पहिल्यांदाच पळताना पाहिलं मी त्यांना. त्यांनी त्याला पालथं झोपवलं, बूट काढले, आणि उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. उजवं पाऊल हललं. मग डावी पोटरी दाबली. पाऊल तसंच लोंबत राहिलं. त्यांनी परत दाबली. मग हात काढून घेतला आणि मातीतच मागं टेकून बसल्या.

"गाडी काढ," त्या गोलकीपरला म्हणाल्या. "टाचेवरची शीर तुटलीय."

गोलकीपरनं गाडी पिंपरीच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. टाचेच्या वरची जाड शीर पूर्ण तुटलेली, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर पाय कित्येक आठवडे जमिनीला टेकवायचा नाही. त्याची बायको आणि वडील आले. वहिनींनी विचारलं, "कसं काय झालं?"

"पळताना पाय घसरला," स्टॉपर म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेल कदाचित. पण त्याचे वडील मला म्हणाले, "तुमी व्हता म्हणून बरं झालं," आणि मी मान हलवली.

बाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. ओंजळीत शिट्टी धरून. मी शेजारी बसलो तेव्हा त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "वीस पावलं मी लवकर दिली का? चढ नको होता बहुतेक. त्याचं वजन जास्त आहे, मला कळायला हवं होतं. तीस वर्षं शिकवतेय, एकाही पोराला असं झालं नव्हतं."

त्यांच्या शेजारी मी कितीतरी वेळ बसून होतो. काहीही बोललो नाही.

ऑपरेशन नीट झालं. बाई त्यानंतर मैदानावर आल्या नाहीत. आम्ही स्पर्धेत उतरलो, दुसऱ्या फेरीत हरलो, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. दर गुरुवारी मी स्टॉपरच्या घरी जायचो. तो ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसलेला असे. वहिनी चहा द्यायच्या. आम्ही कंपनीतलं, ट्रॅफिकचं, कांद्याचं बोलायचो. गोडाऊन तिथून दिसायचं. त्या दिशेला आम्ही दोघंही बघत नसू. मला वाटायचं, आज तो बोलेल. त्यानं एकदा शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो विचारायचा, "क्वालिटीचा नवा साहेब कसाय तुमचा?"

दोन महिने असे गेले. मग एकदा सरावानंतर बूट काढता काढता गोलकीपर म्हणाला, "बाईंनी मुलींचा क्लास बंद केला, भावा."

"कसला क्लास?"

मला माहीतच नव्हतं. निवृत्त झाल्यापासून बाई रोज सकाळी पिंपरीतल्या शाळेच्या मैदानावर मुलींना लांब उडी शिकवायच्या. वीसेक मुली होत्या, आसपासच्या वस्तीतल्या. त्या सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं की आता माझ्याच्यानं होत नाही. "मी समजावलं त्यांना," गोलकीपर म्हणाला, "तर म्हणतात, ज्या बाईला आपली चूक कुठं झाली ते कळत नाही, तिनं दुसऱ्यांच्या लेकींच्या पायांशी खेळू नये."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी ते पहिल्यांदाच सांगत होतो. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

बाईंचं घर पिंपरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी गेलो तेव्हा त्या खाली सतरंजीवर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हणालो, "बसा बाई. मला तुम्हाला एक सांगायचंय." आणि उभ्यानंच सांगून टाकलं. पॅलेट, सिमेंट, ऐंशी आणि शंभर उड्या, बुधवारनंतरचा गुरुवार. त्या रविवारी त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोललो होतो, तेही.

बाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"त्याची टाच आधी दुखत होती?"

"हो. सकाळी धरायची म्हणून मला सांगितलं होतं त्यानं."

"कधी?"

"तीन आठवडे आधी."

त्यांनी जुडी खाली ठेवली. खालून भाजीवाल्यांचे आवाज येत होते. मग म्हणाल्या, "तीन आठवडे. मला एका शब्दानं कळलं असतं तर मी त्याला बसवला असता. दोन महिने विश्रांती, टाचेचे व्यायाम, आणि आज तो खेळत असता. हे तुला ठाऊक आहे ना?"

"हो बाई."

"दोन महिने मी रोज पहाटे उठून तेच आठवत बसले. कोणत्या दिवशी किती दिलं. कुठं चुकलं." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि तू माझ्याशेजारी बसला होतास त्या बाकावर."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राग आलाय मला तुझा. तो जाईल तेव्हा सांगेन. त्याच्या घरी माहितीय का हे?"

"नाही."

"मग चल."

"आत्ता?"

"मला चप्पल घालू दे."

खुबा धरलेला असताना त्या माझ्या मोटरसायकलवर मागे बसून पिंपरीहून महाळुंग्यापर्यंत आल्या. वाटेत कंटेनरांच्या रांगेत आम्ही जवळजवळ तास अडकलो.

स्टॉपर ओट्यावर होता. प्लास्टर निघालं होतं, पायात पट्ट्यांचा मोठा बूट होता. त्याचे वडील गोठ्याकडून आले, वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी परत तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

आधी भडकला तो स्टॉपरच. "तुला कुणी सांगितलं व्हतं हे बोलायला? मी काय ल्हान हाय? माझा मी चढलो, माझा मी उतरलो. मला काय ढकलून दिलं व्हतं व्हय तू?"

"टाच दुखतीय हे तू मला सांगितलं होतंस."

"सांगितलं आन् तरीबी उड्या मारल्या. तुझ्या नावावर कशाला घालतोय?"

त्याचे वडील परत गोठ्याकडे गेले. वहिनी मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी दर गुरुवारी आलात, भाऊजी. हितंच बसून चहा प्यालात. एक डाव बी बोलला न्हाई." आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. पुढं कितीतरी दिवस आला नाही.

बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. स्टॉपरला म्हणाल्या, "डॉक्टर पायावर जोर द्यायला कधी सांगताहेत?"

"पुढच्या आठवड्यापासनं. थोडा थोडा."

"ते काय काय करायला सांगतील ते कागदावर लिहून आण. मी त्यापलीकडे एक उडी सांगणार नाही. पण रोज करून घेईन."

आणि त्यांनी करून घेतलं. आठवड्यातून दोनदा त्या यायच्या, बाकीचे दिवस फोनवर विचारायच्या. पहिला व्यायाम एवढाच होता, भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. दहा वेळा. स्टॉपर शरमून इकडे तिकडे बघायचा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मग बाई मला म्हणाल्या, "तू त्याच्या शेजारी उभा राहा. तो जे करेल ते तूही कर." मग आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून टाचा उचलायचो. माझ्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी, नाहीतर सकाळी. त्याची डावी पोटरी इतकी बारीक झाली होती की मला तिच्याकडे बघवत नसे. दोन पायांवरून एका पायावर यायला त्याला कित्येक आठवडे लागले. डाव्या एकट्या पायावर टाच उचलायची तो धडपड करायचा आणि टाच सुताएवढीही हलायची नाही. एका संध्याकाळी ती उठली. बोटभर उठली आणि खाली आली. वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी ते पाहिलं. त्या आत गेल्या आणि तीन कप घेऊन बाहेर आल्या.

मी कॅप्टनपद सोडलं. गोलकीपर कॅप्टन झाला. ऑपरेशननंतर आठव्या-नवव्या महिन्यात स्टॉपर मैदानावर हळू पळू लागला, मग दोरी. कामावर तो आधीच रुजू झाला होता. बाईंनी मुलींचा क्लास पुन्हा सुरू केला आणि रविवारी आमच्याकडेही येऊ लागल्या. माझ्याशी त्या सरावापुरतं बोलायच्या, बाकी नाही.

एका रविवारी त्यांनी ते बुटकं बाकडं मांडलं आणि स्टॉपरला म्हणाल्या, "चढ. आणि उतर."

तो चढला. आणि तिथंच उभा राहिला. आम्ही सगळे बघत होतो. गुडघ्याखालची उंची ती. या माणसाला मी पावसात, चिखलात, दोन दोन खेळाडूंच्या मधून हवेत झेपावताना बघितलं होतं. तो खाली बघत होता. "न्हाई व्हत, बाई," तो म्हणाला. "आवाज येतो कानात."

"ठीक आहे. मागच्या बाजूनं पाय टाकून खाली ये."

बाईंनी बाकडं उचलून बाजूला ठेवलं. कुंपणाजवळून एक वीट आणली, आडवी ठेवली आणि पायानं दाबून हलत नाही ना ते बघितलं. "यावरून उतर."

विटेवर पाय नीट मावतही नव्हते. तो चढला, थोडा थांबला, आणि उतरला. परत चढला, परत उतरला. दहा वेळा. त्या दिवशी बाईंनी त्याला दुसरं काहीच करू दिलं नाही. पुढच्या रविवारी दोन विटा, एकावर एक. बाकड्यापर्यंत यायला आणखी दीड महिना गेला.

भिंतीवरचं माप त्यानं स्वतःच मागितलं. बोटांना गेरू लावून उडी मारली. नवा ठसा जुन्या ठशाच्या चांगला तीन बोटं खाली पडला. बाई म्हणाल्या, "वर्षभर काम केलंस तर यातलं बरंचसं भरून निघेल. सगळं निघेलच असं नाही." तो दोन्ही ठसे बघत राहिला. मग कुंपणालाच हात पुसला आणि म्हणाला, "काय हरकत न्हाई. आता बॉल जिथं पडणार हाय तिथं आधी जाऊन उभं ऱ्हायचं."

त्या वर्षीच्या स्पर्धेत गोलकीपरनं त्याला दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं. एक-एक अशी बरोबरी होती. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. पाच-सात मिनिटं बॉल आमच्याकडे आलाच नाही. मग त्यांच्या उजवीकडून उंच क्रॉस आला, आणि मी पाहिलं की स्टॉपर दोन पावलं मागे सरकला, वाकला, आणि डाव्या पायावरून उठला.

मी बॉलकडे बघितलंच नाही. माझा खेळाडू कुठं आहे तेही बघितलं नाही. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होतो, तो जमिनीवरून सुटताना आणि परत येताना. पाय खाली आला, गुडघा जागेवर राहिला, त्यानं दुसरं पाऊल टाकलं. हेडर त्यानं जिंकला होता, पण बॉल जेमतेम माझ्याकडे उडाला होता, आणि माझ्या मागून त्यांच्या एका पोरानं धावत येऊन तो जाळ्यात मारला. मला कळलं तेव्हा तो पोरगा हात पसरून पळत होता.

"ए राव!" स्टॉपर माझ्यावर ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बॉल तुझ्या पायात दिला व्हता ना! कुठं बघत व्हता तू?"

माझी नजर परत त्याच्या डाव्या पायाकडे गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं असावं. त्याचा हात अर्ध्यातच खाली आला.

"माझ्या पायाकडं नको बघू," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्याकडं मी बघतोय. तू तुझा माणूस धर."

गोलकीपरनं जाळ्यातला बॉल काढून मधल्या रेषेकडे मारला. रेफरी घड्याळ बघत होता. बाई रेषेपलीकडे खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी मला हातानं खूण केली, आणखी आत सरक म्हणून. मी आत सरकलो. खेळ सुरू झाला.